अण्णारावांचा चहा आणि दोनशे टॉवेल

कॉम्प्युटरचं दुखणं माझ्याइतकं अख्ख्या सोलापुरात कुणाला कळत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही!

आमचे मालक अण्णाराव. शुक्रवार पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान. लग्नातल्या मानपानाच्या टॉवेलांवर आम्ही नवरा-नवरीची नावं भरून देतो. ऑर्डर वेबसाइटवर. तिथला फॉर्म मीच केलेला. टॉवेल निवडला की साइजची यादी येणार, साइज निवडली की रंग, रंग निवडला की काठ. दर वेळी फॉर्म डेटाबेसला विचारायला जायचा आणि तिकडंच रमायचा, कोथिंबीर आणायला पाठवलेल्या नवऱ्यासारखा!

"गिऱ्हाईक पळून चाललंय की रं!" अण्णाराव वैतागले.

"दोन दिवस द्या मालक. फॉर्म पळवून दाखवतो! आणि जमलं तर चहा पाजायचा."

"चहाचं नंतर बघू."

अकरा वर्षं हेच 'नंतर' ऐकतोय मी.

उपाय सोपा होता. सगळ्या याद्या डेटाबेसमधून एकदाच आणायच्या, तयार फॉर्मची एक प्रत हाताशी ठेवायची आणि येईल त्याला तीच द्यायची. तपासायला मी खोटी ऑर्डर भरली. नावांखाली हवी तर आणखी एक ओळ मिळते, 'शुभाशीर्वाद' वगैरे. ती मागितली तरच तिचा रकाना उघडतो. मी त्यात टाकलं, 'अण्णाराव, चहा पाजा!' पोटभर हसलो. मग नावं पुसली, रकाना झाकला आणि तीच प्रत गिऱ्हाइकांसाठी ठेवून दिली.

फॉर्म काय पळाला म्हणता! पाणीपुरीवाल्याचा हात जणू!

पहिली ऑर्डर मोडनिंबच्या मानसिंगरावांची. लेक ऋतुजा, जावई दिग्विजय, व्याह्यांकडच्या मंडळींसाठी दोनशे टॉवेल. जादा ओळ त्यांनी मागितलीच नाही. रकाना झाकलेलाच राहिला. झाकलेला होता हो, रिकामा नव्हता!

आमच्याकडं भरतकामाचं मशीन चन्नप्पा चालवतो. त्यानं मागं एका गिऱ्हाइकाचं आडनाव स्वतःच्या अकलेनं सुधारलं होतं. तेव्हापासून मालकांचा हुकूम, फॉर्ममधून छापून कागदावर येईल तेच भरायचं, विचारायचं नाही. चन्नप्पानं हुकूम दोनशे वेळा पाळला. घड्याही छान घातल्या, फक्त नावं दिसतील अशा.

लग्नाचं आमंत्रण मला, चन्नप्पाला आणि अण्णारावांनाही होतं. मांडवात मानपान झाला, टॉवेल खांद्यावर गेले, घड्या सुटल्या. मानसिंगरावांनी वाचलं आणि टॉवेल घेऊन ते आमच्याकडं धावले.

"अण्णाराव, ह्ये काय भरलंय? व्याह्यांम्होरं माजी इज्जत घालिवली की हो तुमी!"

अण्णारावांनी वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मांडवाची झालर बघत होतो. चांगली होती झालर.

तेवढ्यात नवरदेवाचे चुलते जोतीराम टॉवेल फडकवत आले. अंगानं रणगाडाच!

"अण्णाराव कोन हाय?"

"मी... मीच."

"मग पाजा की चहा! टॉवेलावर लिवलंय न्हवं? मानसिंगराव, लई भारी गंमत काढली राव तुमी! असला मानपान आमी कुटं बगितला न्हाय!"

मागून दोनशे टॉवेल गरजले, "अण्णाराव, चहा पाजा!"

मानसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अण्णारावांचा हात घट्ट धरला. हळूच म्हणाले, "आता न्हाय म्हनू नका. पोरीच्या सासरचा मामला हाय."

अण्णाराव आचाऱ्याकडं गेले. दाढ काढायला जाताना माणूस चालतो, तसे.

सगळ्यांनी चहा प्यायला. व्याही खूश, मानसिंगराव खूश. चन्नप्पानं तर दोनदा घेतला. मी शेवटच्या ओळीत. अकरा वर्षांनी मालकांचा चहा! किटली माझ्यापुढं आली. मी कप पुढं केला, झाकण उचललं.

झाकलेली होती हो. रिकामी होती!