फाटक बंद आहे

घरामागच्या बागेत छोटी आगगाडी चालवण्याचा ठराव कुटुंबाच्या सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झाला. म्हणजे बाबांनी "चालेल ना?" असं विचारलं आणि कुणी मोबाइलमधून मान वर केली नाही.

बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीत त्यांचा दरारा होता, घरात मात्र ख्याती निराळी. हाती घेतलेलं एकही काम त्यांनी तडीस नेलं नव्हतं. पुस्तकांचं कपाट तिसऱ्या फळीवर थांबलं होतं, बासरी पहिल्या सुरावर आणि पोहणं पहिल्या पायरीवर. त्यांची थोरली बहीण आक्का ही यादी येईल त्याला क्रमवार ऐकवत असे. तीच आक्का दोन दिवसांसाठी आली होती आणि रविवारी साडेपाचच्या बसने परत जायची होती. त्याआधी तिच्या डोळ्यांदेखत गाडीची एक फेरी पुरी व्हावी, एवढंच बाबांचं मागणं होतं. त्यासाठी ते दोन महिने बागेत गुडघ्यांवर रांगले होते.

रूळ बागेच्या कडेकडेने फिरून मागच्या दारासमोरून जात. उंची चार बोटं. पहिल्याच आठवड्यात आईचा पाय पडून एक डबा चपटा झाला. पुन्हा असं होऊ नये म्हणून बाबांनी दारासमोर फाटक बसवलं: लाल-पांढरे पट्टे मारलेली फूटपट्टी. फाटक आलं म्हणजे ते पाडायला-उचलायला माणूस आला, म्हणून लेकीची नेमणूक झाली. ही लेक कॉलेजात होती आणि अंथरुणाची घडी घाल म्हटलं तरी ऐकायची नाही. पण गळ्यात शिट्टी पडली आणि पोरगी अंतर्बाह्य बदलली. माणूस आला म्हणजे नियमावली आली. ती बाबांनी स्वतः लिहिली. बावीस कलमं, तीन परिशिष्टं.

रविवारी चार वाजता आक्काला बागेत खुर्चीवर बसवण्यात आलं, बॅग शेजारी. चार पाचला लेकीने शिट्टी फुंकून फाटक पाडलं. चार दहाला बाबांनी बटण दाबलं. गाडी हलली नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांना आठवलं की, सेल स्वयंपाकघरातल्या खणातच राहिले आहेत.

ते फाटकाशी आले. "उघड गं, सेल आणतो."

"गाडी गेल्याशिवाय फाटक उघडत नाही. कलम सात."

"अगं, सेलशिवाय गाडी जाणार कशी?"

"ते इंजिन विभागाने बघावं. आमच्याकडे फक्त फाटक."

बाबांना खरं तर राग यायला हवा होता. पण उत्तर इतकं बिनचूक होतं की त्यांचा ऊर भरून आला.

पलीकडे आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभी होती. "अहो, मी फेकू का सेल?"

"रुळांवरून वस्तू फेकणं गुन्हा आहे, आई. कलम चौदा."

"मग मीच येते घेऊन. चार बोटांचा तर रूळ."

"मागे आलीस तेव्हा डबा गेला," बाबाच म्हणाले. आई दारातच थांबली. बादली तिने खाली ठेवली नाही, कारण फाटक आता कधीही उघडेल असं तिला वाटत होतं.

"विशेष परवानगीसाठी अर्ज करता येतो," लेकीने सुचवलं. "रेल्वे प्रमुखांकडे."

रेल्वे प्रमुख बाबाच होते. आक्काच्या बॅगेवर कागद ठेवून त्यांनी अर्ज लिहिला, मग खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तो स्वीकारला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. अर्जदाराने सेल आधीच का आणले नाहीत, याचा खुलासा नव्हता. तीस वर्षांत त्या हाताने एकही अर्ज पहिल्या खेपेला मंजूर केला नव्हता. 'त्रुटी दूर करून फेरसादर करावा' असा शेरा मारून त्यांनी तो परत केला, आणि वळसा घालून पुन्हा अलीकडे आले तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काय म्हणाले?" आक्काने विचारलं.

"त्रुटी आहेत."

"तिथे कुणी ओळखीचं नाही का रे तुझं?"

"आहे. पण फार कडक माणूस आहे."

तेवढ्यात बाजूच्या बोळातून पोस्टमन मागच्या दाराशी, आईच्या बाजूला आला. रजिस्टर पत्रावर बाबांची सही हवी होती. हात लांबवला असता तर बाबा त्याच्या हाताला लागले असते. "फाटक बंद आहे," आईने सांगितलं. "बरं," म्हणून तो बादलीच्या मागे उभा राहिला.

पाच वाजले. आक्का बॅग उचलून निघाली. फाटकाशी येऊन तिने रुळाकडे पाहिलं, कपडे सावरले आणि एक पाय उचलला. पोस्टमनने श्वास रोखला. लेकीने शिट्टी दातांत धरली. पाय जरा वेळ अधांतरी थरथरला आणि आक्काने तो मागे घेतला.

"अजून किती वेळ लागेल?"

"गाडी लवकरच येत आहे," लेक म्हणाली.

साडेपाचला कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला आणि लांब लांब गेला. आक्का बॅगेवरच बसली. पलीकडची रांग तिने नीट पाहून घेतली.

"माझं चुकलं रे," ती म्हणाली. "तुझ्या हातून काही पुरं होत नाही, असं मी म्हणायचे. पण ही रेल्वे पुरी झाली. गाडी नाही म्हणून काही अडलंय का हिचं?"

बाबांचे डोळे पाण्याने भरले. आयुष्यभर ज्या शाबासकीची वाट पाहिली, ती अशी फाटकाशी मिळाली.

आणि वाचकहो, तुम्ही हसताय ते ठीक आहे. पण चार वाजल्यापासून तुम्हीही इथेच आहात. रूळ चार बोटांचा आहे, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. एकदा तरी ओरडलात का, "अहो, ओलांडा की!"? ओरडला असाल, तर मनातल्या मनात, आणि तेही पोस्टमनच्या मागे रांगेत उभं राहून.