बसलं की सूत तुटतं

आमच्या शेजारचे बाळारामतात्या टीव्ही उभ्याने बघतात.

घरात सोफा नाही असं नाही. चांगला ऐसपैस सोफा आहे, सुनेने हौसेने घेतलाय. पण तात्या हात मागे बांधून टीव्हीच्या पुढ्यात उभे. बरं, एका जागी तरी उभं राहावं? तेही नाही. दोन पावलं डावीकडे, दोन पावलं उजवीकडे. मागे बसलेल्यांना अर्धी मालिका दिसते आणि अर्धे तात्या.

"तात्या, बसा की हो," असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं. "बसलं की सूत तुटतं."

तात्यांचं सगळं आयुष्य भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं. एका कारागिराच्या अंगावर चार-सहा लूम, आणि शिफ्टभर त्यांच्या मधून येरझाऱ्या. जरा टेकलात की कुठल्या तरी लूमवर धागा तुटलाच म्हणून समजा. आता तो कारखाना जाऊन तिथे गोडाऊन उभं राहिलं, तात्याही रिटायर झाले, पण त्यांच्या पायांना ते कुणी कळवलेलं नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवण ओट्याशी उभ्याने. मुलीच्या, मंगलच्या, लग्नात भटजींनी कन्यादानाला बसवलं तेवढे बसले, तेही उकिडवे. रिक्षात बसतात, पण "ते बसणं न्हाय, जाणं हाय." झोपतात तरी का, असं मी एकदा त्यांच्या सुनेला, सुवर्णाला, विचारलं. ती म्हणाली, "आडवे होतात हो ताई. बसत नाहीत."

तात्यांचा दुसरा नेम म्हणजे टीव्हीचा आवाज बंद. लूमच्या खटखटाटात शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही, तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. तात्यांचे कान त्या खटखटाटाने बरेचसे नेले, पण डोळे असे तयार करून दिले की विचारू नका. समोरच्या बिल्डिंगमध्ये त्यांचे जुने जोडीदार अन्सारीचाचा राहतात. मधे रस्ता, रस्त्यावर टेम्पोंचा कल्ला. रोज संध्याकाळी हे इकडच्या गॅलरीत, ते तिकडच्या गॅलरीत, आणि दोघांचे नुसते ओठ हलतात. हे मराठीत, ते उर्दूत. मधूनच दोघं एकदम खदाखदा हसतात. नवीन भाडेकरूंना वाटतं, दोघांचंही डोकं फिरलंय.

आम्ही जुने रहिवासी मात्र जिन्यात कुजबुजतानाही तोंडावर हात धरतो. कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पार त्या टोकाला खजिनदाराच्या कानात काहीतरी पुटपुटला, आणि या टोकाहून तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सेक्रेटरी म्हणतो, टाकीचं काम पुढं ढकल, लोक इसरतात." टाकी त्याच आठवड्यात दुरुस्त झाली.

मालिकेचंही तेच. टीव्ही मुका, आणि तात्या ओठ वाचून वाचून सगळ्यांचे डायलॉग म्हणणार, तेही लूमवरच्या आवाजात. सासू, सून, खलनायक, सगळ्यांना एकच आवाज. "ती म्हणते, मी हे घर सोडणार न्हाय! तो म्हणतो, मंग मी सोडतो!" आमच्या मजल्यावर कुणालाच टीव्ही लावावा लागत नाही.

तर यांच्या घरचा जुना टीव्ही अखेर मान टाकून बसला. चित्र आधीपासूनच धुरकट होतं, आता पूर्ण काळोख. नवा मोठा एचडी टीव्ही घ्यायचं ठरलं. नरेशला, म्हणजे तात्यांच्या मुलाला, तो क्रिकेटसाठी हवा होता, सुवर्णाला शोकेसच्या खणात मावेल असा हवा होता. तात्यांनी जाहीर केलं, "टीव्ही मी निवडणार. त्यात मला एक बघायचं हाय." काय ते सांगेनात. नरेश एका दुकानात त्यांच्याबरोबर गेला आणि हात टेकून परत आला. सुवर्णा दुसऱ्या दुकानात गेली, ती डोकं धरून आली. मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं.

मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघते. आठवडाभर ड्रायव्हरांशी डोकेफोड, एक रविवार काय तो माझा. मी म्हटलं, "माझ्या ह्यांना न्या ना."

"त्याला मिशी हाय," तात्या म्हणाले. "शेजारी ऱ्हायला आलाय तवापास्नं तो काय बोलतो, मला कळलेलं न्हाय. तुझं तोंड साफ हाय, पोरी."

"ह्यांचं न कळल्याने तुमचं काही अडलेलं नाही," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.

टीव्हीच्या दुकानात काय दाखवतात ते तुम्हाला माहीत असेलच. पोपट, फुलं, समुद्र. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर मासे फिरतायत. सेल्समन म्हणाला, "चाचा, कलर देखो, कलर!"

"कलर काय करू? मूँह दिखाव. आदमी का मूँह!" तात्या गरजले. "और आवाज बंद करो."

त्याने शोधून एक सिनेमा लावला. तात्या पुढ्यात उभे राहिले, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. हिरो पोटतिडकीने बोलत होता. तात्यांचा चेहरा उतरत चालला. "एक अक्षर कळंना. टीव्ही खराब हाय." दुसरा बघितला, तोही खराब. तिसराही. दुकानातले सगळे टीव्ही नापास करून आम्ही बाहेर पडलो. पुढच्या दुकानात तेच. तिथेही त्यांनी माणूस दाखवा म्हटल्यावर सिनेमाच लागला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सिनेमा दाक्षिणात्य होता, हिंदीत डब केलेला! आवाज हिंदी, पण ओठ बोलतायत तमिळ नाहीतर तेलुगू. आणि आवाज तर आम्हीच बंद करायला लावलेला. मी कपाळावर हात मारला. धडधाकट टीव्हींची एक फौज आम्ही उगाच बदनाम करून आलो होतो.

एवढ्यात काउंटरमागचा सेल्समन मालकाशी काहीतरी बोलला. तात्या इथूनच म्हणाले, "टाइमपास नहीं है बेटा, टीव्ही लेना है." तो बिचारा पांढराफटक पडला. धावत आला, म्हणाला, "चाचा, आपके पास कुछ है तो लगाव ना, पेनड्राइव्ह वगैरह..."

तात्यांचा हात सटकन शर्टच्या खिशावर गेला. "नहीं. इधर नहीं."

तो खिसा मी सकाळपासून बघत होते. दर थोड्या वेळाने चाचपत होते. बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी मी सरळ त्यांच्या समोर उभी राहिले, म्हटलं, "तात्या, खिशात काय आहे ते सांगा, नाहीतर मी चालले घरी."

तात्या नेहमी ओरडून बोलतात. त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले. मलाच त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं.

खिशात मंगलच्या लग्नाचं शूटिंग होतं. लग्न गावी, दिघाशीला झालं होतं. मीही गेले होते. हिराकाकी, तात्यांची बायको, तेव्हा होत्या. त्या तात्यांच्याच कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. यांचं जमलं तेच मुळी खटखटाटात, ओठांवर. "तिचा आवाज मी साखरपुड्यात पैल्यांदा ऐकला," तात्या म्हणाले. "इतका बारीक असंल वाटलं नव्हतं." आणि हसले.

"लग्नात मी जेवणाच्या पंगतीकडं होतो. ती पार मांडवाच्या तोंडाशी. मधी बँड वाजतोय. तिनं माझ्याकडं बघून कायतरी म्हटलं, लूमवर म्हणायची तसं. तवाच कुणीतरी ओरडलं, पाणी संपलं, नि माझी नजर तिकडं वळली. मी तिला हातानंच थांब म्हटलं नि पळालो. मंग इसरलो. तिनंबी पुन्हा काढलं न्हाय."

त्याच पावसाळ्यात हिराकाकी छातीत कळ येऊन गेल्या. बसल्या जागी, कुणाला काही कळायच्या आत.

"तिला तवाच दुखत असंल तर?" तात्या म्हणाले. "मला बोलवत असंल तर, पोरी? मी थांब म्हटलं ना तिला."

शूटिंगवाला त्या वेळी तात्यांच्या बाजूलाच होता, त्यामुळे काकींचं ते बोलणं कॅमेऱ्यात आलं होतं. पण जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावायची सोयच नव्हती. मालिकेतली तोंडं पडदाभर असतात म्हणून त्यावर वाचता यायची, पण सीडीवर लांबून घेतलेल्या काकी ओळखू येण्याचीच मारामार, ओठ कुठले दिसायला! फोनवर बघितलं तर अख्ख्या काकी बोटाएवढ्या. घरात बोलले नाहीत, कारण नरेशला तरी आईचं दुखणं का दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं.

मला भरून आलं. आणि रागही आला. मेलं, एवढं मनात ठेवून हा माणूस दुकानोदुकानी मासे आणि पोपट बघत फिरतोय! मी रसाचा ग्लास ठेवला, तात्यांचं मनगट धरलं आणि त्यांना परत दुकानात नेलं.

सेल्समनला म्हटलं, "भाई, तेरा मोबाइल निकाल. मेरा शूटिंग कर." आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. मधून रिक्षा, टेम्पो, हातगाड्या. मी तिथून जे बोलायचं ते बोलले. सगळा कल्याण रोड माझ्याकडे बघत होता. बघू दे! मग ते शूटिंग एकेका टीव्हीवर लावलं, आवाज बंद करून.

पहिल्या टीव्हीवर तात्या म्हणाले, "माझं नाव घेतलं. फुडचं कळंना." दुसऱ्यावर, "तात्या, तुमी लय... काय लय?" सेल्समनही आता इरेला पेटला होता. त्याने आतून एक मोठा टीव्ही आणवला. तात्या पुढ्यात उभे राहिले, आणि अख्ख्या दुकानाला ऐकवत त्यांनी वाचलं, "तात्या, तुमी लय छळता. आज टीव्ही घेतला न्हाय तर तुमाला हितंच सोडून जाईन, नि माझ्या नवऱ्याची मिशीबी काढीन!"

दुकान हसलं. तात्यांनी कंपनीचं नाव विचारलं नाही, कलर बघितला नाही. "हाच," म्हणाले.

टीव्ही बसवायला माणूस आला त्या दुपारी मी तिथेच होते. शोकेसच्या खणात टीव्ही अर्थातच मावला नाही, भिंतीवर लागला. नरेशने रिमोट हातात घेतला, क्रिकेट लावणार तोच मी म्हटलं, "थांब. आधी तुझ्या वडिलांचं." तात्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. तो नरेशने लावला.

बँड एकदम कडाडला. "आवाज बंद," तात्या म्हणाले. नरेश पुढे पुढे सरकवत गेला. हळद, मंगलाष्टका, पंगत. आणि मग मांडवाच्या तोंडाशी हिराकाकी. हिरवी साडी, डोक्यात अबोली, कपाळावर घाम. इतक्या लख्ख की सुवर्णाने तोंडावर पदर धरला. काकींनी समोर बघितलं. ओठ हलले. मग कुणीतरी मधे आलं आणि त्या दिसेनाशा झाल्या.

मला काहीच कळलं नाही. तात्यांकडे बघायची हिंमत होईना. आता ते काय सांगतील?

"पुन्हा," तात्या म्हणाले.

पुन्हा लावलं. तात्या येरझाऱ्या घालत नव्हते. एका जागी उभे होते, हात मागे बांधून.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा काकींचे ओठ हलले, आणि त्यांच्याबरोबर तात्याही बोलले. मालिकेत बोलतात तसं नाही. अगदी बारीक आवाजात, काकींचा होता तसा.

"ती म्हणते, सकाळपासून उभेच तुमी. आता बसा जरा."

नरेश रिमोट तसाच धरून राहिला. तात्यांनी टीव्हीकडे बघत आवाज न करता नुसते ओठ हलवले.

"काय म्हणालात, तात्या?" नरेशने विचारलं.

"तुला न्हाय," तात्या म्हणाले.

मग त्यांनी मागे हात नेऊन सोफा चाचपला, आणि बसले. अगदी टेकून, पाय लांब करून. एवढी वर्षं शेजारी राहते मी, पण बसलेले तात्या केवढे दिसतात ते मला त्या दिवशी कळलं. एवढेसे दिसतात.

सुवर्णा डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. मी त्यांच्या समोर जाऊन, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "आणि सूत तुटलं म्हणजे हो?"

"तुटू दे," तात्या म्हणाले.