मार्गारेट प्रकरणाचा निकाल

रविवारी सकाळी चंद्रशेखरनं ठरवलं, आज एकही काम करायचं नाही. (हा निश्चय तो दर रविवारी करत असे आणि शीला तो दहाच्या आत मोडून काढत असे.) यवतमाळच्या सरकारी कचेरीत आठवडाभर फायली सरकवून त्याचे खांदे आणि मन, दोन्ही लोंबायला लागली होती. म्हणून पडल्या पडल्या त्यानं मोबाईल उचलला आणि 'पेल हार्बर'च्या चाहत्यांच्या ग्रुपवर एक यादी टाकली. बँडचे सातही अल्बम, उत्तमापासून सुमारापर्यंत.

पेल हार्बर म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा थंड गावातली चार उदास पोरं. त्यांनी असं काही रॉक वाजवलं, की पुढे निम्म्या जगातले बँड त्यांचीच नक्कल करत बसले. यादीत चंद्रशेखरनं पहिला नंबर दिला तिसऱ्या अल्बमला, 'मार्गारेट'ला. शेवटचा दिला पाचव्याला, 'ब्लू केटल'ला.

चूक एवढीच झाली, की शीलाही त्याच ग्रुपवर होती. मुळात दोघांचं लग्नच या बँडपायी झालेलं. अख्ख्या कॉलेजात ती गाणी ऐकणारी दोनच माणसं. एकमेकांशी लग्न करण्यावाचून इलाज नव्हता. आणि 'ब्लू केटल' म्हणजे शीलाचा जीव की प्राण.

पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आवाज आला, "सातवा?"

"अगं, कुणीतरी सातवं असणारच ना."

"मग मार्गारेटला टाकायचं! नऊ मिनिटांचं एकेक रडगाणं. आणि तो ड्रमवाला तर वाट चुकल्यासारखा वाजवतो."

"तो मुद्दाम तसं वाजवतो."

"बावीस वर्षं हेच ऐकतेय. मुद्दाम म्हणे!"

दुपारी ताटात वरण आलं, फोडणी आली नाही. संध्याकाळपर्यंत ग्रुपवरच्या एकेचाळीस अनोळखी माणसांनी शीलाची बाजू घेतली. सोमवारपासून घरात बोलणं फक्त गॅस सिलिंडरपुरतं उरलं. चंद्रशेखरला वाटे, माफी मागून मोकळं व्हावं. पण माफी मागायची म्हणजे 'ब्लू केटल' पुन्हा ऐकावा लागणार, आणि तेवढा जोर आता त्याच्यात नव्हता.

शुक्रवारी राळेगावहून शीलाच्या थोरल्या भावाचा, बबनरावांचा फोन आला. बबनराव तुरीचे मोठे शेतकरी, शिवाय गावातले भांडणतंटे तेच मिटवत. त्यांनी विचारलं, "आवाज काहून उतरला तुया?" शीला वैतागून म्हणाली, "काय सांगू दादा! बावीस वर्षं झाली, यांच्या डोक्यातून ती मार्गारेट जात नाही." आणि दुधाला उकळी आली म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

शनिवारी पहिल्याच एसटीनं बबनराव दारात हजर. पाण्याला हात लावला नाही.

"जवाईबुवा, ते बाई कुठं राह्यते?"

"कोण बाई?"

"मारगारेट."

"ती होय? ती तिसरी, दादा," चंद्रशेखर थकून म्हणाला.

"तिसरी? म्हणजे मधात दुसरी बी हाय?"

"एकूण सात आहेत. मला तिसरी आवडते. शीलाला पाचवी."

बबनराव मटकन खुर्चीत बसले. बहिणीकडे बघत त्यांनी विचारलं, "शीले, तुले पसंत हाय पाचवी?"

"माझा जीव आहे तिच्यावर!"

मामला गाण्यांचा आहे हे त्यांना पटवायला दोन कप चहा लागले. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण आलं तसं निकाल न देता परतणं हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी आपला मोबाईल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. "लावा दोन्ही. मी भरून घेतो. बयान एक डाव आयकून फैसला नाई करत मी."

आधी 'ब्लू केटल' लागला. शीला डोळे टिपत ऐकत बसली. मग 'मार्गारेट' लागला, आणि पहिल्याच गाण्याला चंद्रशेखरचा आठवड्याचा शीण उतरला. त्यानं डोळे मिटले आणि गाण्यासोबत गळा मोकळा सोडला. शेजारच्या रुक्माबाई खिडकीशी येऊन विचारून गेल्या, "कुनाले लागलं का वो?"

दोन्ही संपल्यावर बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"दोघीतबी एकच माणूस हाय ना? मारगारेटमंदी तो बोंबलून राह्यला. त्याचं लगन व्हाचं हाय. किटलीमंदी नुसता कन्हून राह्यला. झालं त्याचं लगन."

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. आठवडाभरात पहिल्यांदाच. शीलाच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण चंद्रशेखरला खात्री नव्हती.

"मग चांगला कोणता, दादा?"

"थे घरी जाऊन सांगतो," म्हणून बबनराव गेले.

पुढच्या रविवारी फोन वाजला. शीलानं स्पीकर लावला.

"निकाल लागला," बबनराव म्हणाले. "माह्या तुरीत डुकरं येऊन राह्यले. भोंग्यावर कुत्र्याचं भुंकनं लावलं, तर आठ दिवसात सरावले. म्हटलं तुमची गानी लावून पाहू. किटली लावली, तर डुकरं आले अन् खात बसले निवांत."

"आणि मार्गारेट?" चंद्रशेखरनं श्वास रोखून विचारलं.

"पयाले! चार दिवस झाले, एक शेंग नाई गेली."

चंद्रशेखर उठून उभा राहिला. (कचेरीत बढती मिळाली तेव्हाही तो बसूनच होता.) "बघ! शेवटी मार्गारेटच!"

"रानडुकरांनाही सोसवली नाही," शीला म्हणाली.

"पळाली म्हणजे परिणाम झाला! याला म्हणतात कलेची ताकद!"

"अवो जवाईबुवा," पलीकडून बबनराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "मारगारेटचं काई नाई त्यात. थो माणूस गाते तवा डुकरं खातच राह्यते. मधात तुमचा आवाज लागला का पयते. मी शनवारी येतो. बाजा कायले पाह्यजे, तुमी एकलेच गा घंटाभर. बाजूच्या वावरातला नेमसिंगबी एक कापी मांगून राह्यला."