पोटात काय आहे?

"पोटात काही जायचं नाही," लेबर रूमच्या सिस्टरनी बजावलं होतं. "ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागली, तर खाल्लेलं उलटून फुफ्फुसात जातं. जिवावर बेततं."

सिस्टर वळल्या तशी सासूबाईंच्या पर्समधून बिस्किटं निघाली. "त्यांना काय जातंय सांगायला! उपाशीपोटी जोर कुठून आणशील? खा गुपचूप."

तिनं दोन कळांच्या मधे खाल्ली. कुरुम, कुरुम. तोंड पुसलं, कूस बदलली. आवाज चालूच होता.

"आई, तुम्ही खाताय?"

"कशानं? कवळी घरी राहिलीय."

आवाज पडद्यापलीकडच्या खाटेवरून येत होता. तिथं सकाळपासून कुणीही आलं नव्हतं. आल्यागेल्याकडे तिची बारीक नजर होती. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात बाळाचे ठोके मंदावले. धावपळ उडाली, तातडीनं सिझेरियन ठरलं. भुलीचे डॉक्टर आत शिरले. "पोटात काय आहे?"

"काही का असेना," सासूबाई म्हणाल्या, "मुलगा-मुलगी आम्हाला सारखेच."

"अहो, खाल्लंय काय?"

"छे! पाण्याचा थेंब नाही." आणि सुनेकडे डोळे वटारले.

कुरुम.

"कोण खातंय?" डॉक्टर ओरडले. सिस्टरनी पडदा सर्रकन ओढला. खाट रिकामी. चादरीला सुरकुती नाही. उशीवर मात्र ताजा चुरा.

सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या. "या खाटेवर आम्ही कुणाला ठेवत नाही. इथली बाईसुद्धा 'काही नाही' म्हणाली होती. भुलीतून उठलीच नाही."

"बिस्किटं!" सून किंचाळली. "मी खाल्ली! आईंनी दिली!"

"अगं, माझं नाव कशाला घेतेस?"

पण डॉक्टरांनी पूर्ण भुलीचा बेत तो चुरा पाहूनच सोडला होता. कमरेत सुई देऊन फक्त खालचं अंग बधिर केलं. ती जागी राहिली, आणि लेकीचं पहिलं रडणं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

संध्याकाळी त्याच खोलीत बाळ कुशीत झोपलं होतं. सासूबाई पर्स उपसत होत्या. "पुडा कुठं गेला गं?"

पडद्याआड कुरुम, कुरुम. मग आवाज थांबला आणि कुणीतरी अजिजीनं कुजबुजलं, "सिस्टरना सांगू नका हं."

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. पण दाराकडे धावल्या त्या बाहेर पळण्यासाठी नव्हे.

"सिस्टर! अहो सिस्टर! ही बघा, खातेय!"