पाठीच्या मधोमध, दहा बाय दहा

भिंगसाहेबांना कपडा फसवू शकत नाही! डोळे बांधून त्यांच्या हातात नुसता बनियन द्या. सुती किती, भेसळ किती, यंत्रावर विणलाय की हाताने, हे तर ते सांगणारच, वर विणणाऱ्याचा स्वभावही सांगणार. परदेशातून आलेला विणीचा कपडा कोणत्या सदरात बसतो, हे ठरवण्यात त्यांनी कस्टम्समध्ये चौतीस वर्षं घालवली. खिशात सदैव भिंग, म्हणून नाव भिंगसाहेब. आपल्या हाताखालून एकही खोटी नोंद पुढे सरकली नाही, असं ते येईल त्याला सांगत. दुर्दैवाने ते खरं होतं.

त्यामुळे लेकीचं पार्सल कस्टम्समध्ये आल्याची चिठ्ठी मिळाली, तेव्हा निवृत्त भिंगसाहेब शेजाऱ्याला ऐटीत म्हणाले, "चहा टाका! आधण येईस्तोवर आलोच. तिथे सगळी आपलीच माणसं!"

पार्सलमध्ये स्वेटर होता. बायको गेल्या वर्षी परदेशी लेकीकडे गेली, तेव्हा साहेबांनाही जायचं होतं. पण निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि टेबलावर फायली होत्या. "तू हो पुढे, मी आलोच," असं ते म्हणाले, आणि ते पोचायच्या आत ती गेली. दुपारी विणत बसली होती, बसल्या बसल्या डोळा लागला, एवढंच लेकीने फोनवर सांगितलं. साहेबांसाठी विणायला घेतलेला सुती स्वेटर अर्धाच राहिला. लेकीला विणकामाचा गंध नव्हता. तरी तिने वर्षभर धडपडून तो पुरा केला आणि बाबांना पाठवला.

"सही करा साहेब, आणि घेऊन जा," खिडकीवरचा जुना कारकून म्हणाला.

"माल न बघता सही? मी?"

"अहो, घरचाच माल आहे!"

"घरचा असला म्हणून काय झालं? उघडा!"

कारकुनाने पार्सल उघडलं. साहेबांनी आधी कागद वाचला. लेकीने लिहिलं होतं: पुरुषांचा सुती शर्ट.

"शर्ट? याला शर्ट म्हणतात? शर्टाला सेंटीमीटरमागे दहा टाके तरी लागतात! यात अडीच आहेत, अडीच!"

"अडीच काय नि दहा काय, साहेब. तुम्ही सही करा."

साहेबांनी पेन काढलं, 'शर्ट'वर काट मारली आणि ठसठशीत अक्षरात 'स्वेटर' लिहिलं. झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारकुनाने कपाळावर हात मारून घेतला.

"आता मला सोडता येत नाही. खाडाखोड झालेला कागद वर जातो."

"असला कसला नियम? कुणी काढला हा?"

कारकुनाने भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. खाली सही भिंगसाहेबांची होती.

वर पट्टीबाई होती. साहेबांनी हाताला धरून शिकवलेली ही अधिकारी. स्टीलची पट्टी तिच्या हातून जेवतानाही सुटत नसे. साहेबांना बघून ती उठून उभी राहिली. खुर्ची दिली, पाणी दिलं, घरची चौकशी केली, आणि मग स्वेटर टेबलावर पसरून पट्टी काढली.

"अगं, मोजतेस काय? मी सांगतोय ना!"

"तुम्हीच शिकवलंय, साहेब. माणूस बघायचा नाही, माल बघायचा."

गुरूची विद्या गुरूलाच फळली!

"बटणं डावीकडे आहेत," पट्टीबाई म्हणाली. "उजवी बाजू डावीवर येते. म्हणजे हा बायकांचा."

"ती लेकीने लावलीत! जन्मभर स्वतःचेच कपडे घातलेत तिने, पुरुषांची बाजू तिला काय कळणार?"

"तिला कळलं नाही, हे लिहायला रकाना नाही, साहेब."

रकानेही साहेबांनीच आखले होते. आता मात्र त्यांचं डोकं फिरलं. "थांब! घालूनच दाखवतो!"

चार टेबलांवरची माणसं उठून आली. साहेब पुरुष आहेत हे सिद्ध करण्याचा प्रसंग त्या कचेरीत याआधी कधी आला नव्हता. साहेबांनी स्वेटर चढवला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबल्या. पोटापाशी आणखी एक साहेब मावला असता! माप बायकोने घरून निघताना घेतलेलं होतं. तेव्हा साहेबांना वेळेवर जेवायला कुणीतरी हाक मारत असे. पहिल्या टेबलावरचा फिसकन हसला, आणि मग कुणीच हसलं नाही.

पट्टीबाईने खाली मान घालून लिहिलं: 'अर्जदाराच्या मापाचा नाही.'

"आणि साहेब, अजून एक. खालचा धागा वेगळा आहे, वरचा वेगळा. वरच्यात भेसळ वाटते. नमुना तपासायला पाठवावा लागेल."

नमुना म्हणजे काय, हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक होतं? जन्मभर त्यांनी लोकांच्या कपड्यांना भोकं पाडली होती. तरी त्यांनी विचारलं, "कुठून कापणार?"

"पाठीच्या मधोमध," ती हळूच म्हणाली. "दहा बाय दहा." आणि तिने खणातून कात्री काढली.

साहेबांनी स्वेटर उतरवला, पण हातातून सोडवेना. शेवटी तिनेच तो घेऊन पसरला आणि चौकोन आखण्याआधी टाके मोजायला भिंग लावलं. भिंग साहेबांचंच होतं, निरोपाच्या दिवशी तिला दिलेलं.

"खाली दहा सेंटीमीटरला चोवीस. घट्ट, एकसारखे. वर सतरा, तेही वेडेवाकडे. आणि मध्ये..." तिने भिंग पुढे केलं. "साहेब, तुम्हीच बघा."

साहेब वाकले. घट्ट टाक्यांची ओळ पाठीच्या मधोमध येऊन थांबली होती. त्याच ओळीत, पुढच्याच टाक्यापासून, लेकीचा सैल हात सुरू झाला होता.

ओळ अर्धी टाकून बायको कधी उठत नसे. भूक लागली म्हणा, दार वाजलं म्हणा, उत्तर ठरलेलं: "एवढी ओळ होऊ दे, मग उठते." या वाक्याचा साहेबांना फार राग यायचा. आज ती अर्धी ओळ भिंगाखाली होती आणि साहेब सगळ्या कचेरीसमोर ढसाढसा रडले.

"कापू नको गं," ते म्हणाले.

पट्टीबाईने कात्री खणात ठेवली. "नाही कापत. पण कारण लेखी लागेल, साहेब. कारणाशिवाय सूट नाही."

हेही परिपत्रकातलंच! साहेबांनी डोळे पुसून कागद ओढला. चौतीस वर्षांच्या हाताला दुसरी भाषा सुचेना. त्यांनी लिहिलं: 'सदर मालाचा पुरवठादार हयात नाही. यापुढे पुरवठा होणे नाही.'

पट्टीबाईने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. मग चाचरत म्हणाली, "पुरुषांचा की बायकांचा हे मात्र नक्की होत नाही. शंका असली की बायकांच्या सदरात टाकायचा नियम आहे. तुमची हरकत?"

"नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी न वाचता सही केली.

घरी पोचले तेव्हा शेजाऱ्याने चहा तिसऱ्यांदा टाकला होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, मिळाला? मापाचा होतो ना?"

साहेबांनी स्वेटर घातलेलाच होता. बाह्या तीनदा दुमडल्या होत्या. "अगदी मापाचा!"

"बटणं नीट लागतात?"

"लागतात की!" बटणं एक घर सोडून लागली होती.

मग लेकीने विचारलं, "आणि आईचं कुठे संपलं, माझं कुठे सुरू झालं, ते कळतं का हो? मी पुष्कळ प्रयत्न केला न कळण्याचा."

साहेबांचा हात पाठीकडे गेला. "छे गं! मी भिंग लावून पाहिलं. कुठेच कळत नाही."

जन्मात एक खोटी नोंद सोडली नव्हती. आज एका दमात तीन सोडल्या! फोन ठेवून साहेब तसेच उभे राहिले. एक हात खांद्यावरून, दुसरा कमरेवरून, पाठीवरची ती जागा शोधत. काही केल्या हात पोचेना.

शेजारी बराच वेळ बघत होता. शेवटी तो कप खाली ठेवून उठला. "खाजतंय का हो? थांबा, मी खाजवतो. कुठे?"

"मधोमध," साहेब म्हणाले. "पण जरा हळू हं."