घासून काढलेलं नाव

सेतुमाधवराव कुणाच्याही घरी गेले की हातात दिलेला पेला आधी वाचत आणि मग पीत. नाव कडेला कोरलेलं असलं तर ठीक. नसलं, तर भरला पेला तसाच डोक्याच्या वर धरून बुडाखाली शोधत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चार घोट कॉफी त्यांच्या उपरण्यावर आणि दोन घोट माझ्या आईच्या फोटोवर सांडली. “सौ. इंदिरा जोशी,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “ही कोण?” मी म्हटलं, कॉफी जिच्यावर सांडली तीच. “बरं,” म्हणाले, आणि उरलेली प्याले.

माम्बलममध्ये आम्ही शेजारी. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, शहर तेव्हा मद्रासच होतं. ते तंजावरचे मराठी, गल्ली त्यांना रायर म्हणे. सारी नोकरी पोस्टात पत्रांवरची नावं वाचून निवडण्यात गेलेली, एकटा जीव. त्यांची मराठी दोनशे वर्षांपूर्वी घरून निघून तमिळच्या घरी नांदायला गेलेली. मला ती समजायला तीन महिने लागले. माझी सांगलीची मराठी मात्र त्यांना शेवटपर्यंत उद्धट वाटली.

लग्नाला गेले की नवरानवरीला सोडून ते भांड्यांच्या राशीकडे वळत. एकदा देवळात तीर्थाचं भांडं उपडं केलं, तेव्हा पुजाऱ्यानं त्यांना महिनाभर तीर्थ दिलं नाही. स्टीलचं भांडं ते क्षणात परत करत. पितळेचं असलं तर मात्र अंगठा फिरवत बराच वेळ बसत. घरी एक हातोडी आणि बारीक छिन्नी होती. कुणीही नवं भांडं आणावं, रायर फुकट नाव घालून देत. “भांडं निनावी असू नये,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही.

मी गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात पॉलिशच्या यंत्रांवर देखरेख करत असे. तिथला हिशेबनीस शेषाद्री आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचा. त्याच्या धाकट्या भावाची बायको स्टोव्हच्या भडक्यात गेली. अपघात, असं घरच्यांनी सांगितलं. गल्ली काही वेगळंच बोलत होती. दोन महिन्यांनी शेषाद्री दोन पोती घेऊन माझ्याकडे आला. तिनं माहेरून आणलेली भांडी होती. आईला ती बघवत नाहीत, विकायची आहेत, पण नाव असलेला माल दुकानदार घेत नाही, असं म्हणाला. “स्टीलला काय सर, कोणाचंही. जेवणाच्या सुट्टीत जरा घासून द्या.”

मी दिली. तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीत. नावं तमिळ लिपीत होती आणि अकरा वर्षं मद्रासला काढून मला तमिळ वाचता येत नव्हतं. मला ते नुसते ठिपके होते. तसं ते असणं सोयीचंही होतं. उपकाराची फेड म्हणून त्यानं सहा पेले ठेवून घ्यायला लावले आणि मी ते घरी आणले.

त्याच रविवारी रायर आले. पेला फिरवला, वर धरला, खाली घेतला. कडेला एक जागा आरशासारखी चमकत होती. तिच्यावर त्यांनी तोंडानं वाफ सोडली. वाफेत अंधूक ठिपके उमटले.

“कल्याणी,” त्यांनी वाचलं. “ही कोण?”

रोज सकाळी आमच्या दारावरून दूध घेऊन जायची ती, शेषाद्रीच्या घरची गेलेली सून. तिचं नाव मला तेव्हा कळलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी खाली ठेवली. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “विका की! विकू नका म्हणालं कोण? नावासकट विका. घेणारीनं विचारावं, ही कोण, कशी गेली. नाव पुसायचं ते कोणी विचारू नये म्हणून. आणि भांडी तिच्या बापानं घेतलेली. त्यास विचारलंत?”

ते तसेच उठून शेषाद्रीच्या दारी गेले; मी मागोमाग. त्यांनी पाणी मागितलं. घरात आठच दिवसांपूर्वी नवी सून आली होती. आईला बघवत नाहीत म्हणे! नव्या भांड्यांना फळीवर जागा हवी होती. रायरांनी पेला फिरवला, नव्या सुनेचं नाव मोठ्यानं वाचलं, मग सगळ्या घरावर नजर टाकून विचारलं, “हिच्या आधीची कुठे आहे?” शेषाद्रीनं त्यांना दंडाला धरून पायरीखाली उतरवलं. मी फाटकाशी उभा होतो. त्या लोकांचा राग मला आजही येतो. पण तिचं नाव पुसायचं काम त्यांनी माझ्याकडून करून घेतलं, हे आठवलं की राग निम्म्यातच वळून माझ्याकडे येतो.

दुसऱ्या दिवशी ती भांडी शोधत बाजारात गेलो. भांडी विकली गेली होती, एकेक करून. सहा पेले घेऊन मी रायरांकडे गेलो आणि म्हटलं, यांच्यावर नाव घाला. तिच्या वडिलांकडे मी पोचवतो.

ते ठोकू लागले. ठोकता ठोकता खाली मान घालूनच बोलले. त्यांची थोरली बहीण गोदावरी सासरी विहिरीत सापडली होती. सासरच्यांनी भांडी परत पाठवली. घरात अन्न नव्हतं. एकोणीस वर्षांच्या सेतूनं ती पितळेची भांडी अंगणात बसून कानशीनं घासली आणि विकून आला. “माझा हात वेडावाकडा. खोल ओरखडे गेले. दिसले तर ओळखीन.”

म्हणजे चाळीस वर्षं ते नावं वाचत नव्हते. नाव नसलेली जागा शोधत होते.

मी म्हटलं, “रायर, माझं काम साफ झालंय. एक ओरखडा नाही. मी काय शोधू?”

या वेळी ते रागावले नाहीत. पाच पेले झाले होते. सहावा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला, छिन्नी हातात दिली आणि कागदावर ती तमिळ अक्षरं मोठी करून काढली. माझं पहिलंच अक्षर घसरून तिरकं गेलं. पुसावं म्हणून मी कापड उचललं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “वाकडं असलं की सापडतं.”