सुभेदारांची रजा

सुभेदार राणे आमच्याकडे चहाला आले की मी त्यांना बशी देत नसे, नुसता कप देई. बशी धरायला माणूस एका जागी असावा लागतो. हे गृहस्थ पहिला घोट दारात घेत, दुसरा मोरीपाशी आणि तिसरा मागच्या खिडकीत. खुर्ची पुढे केली की म्हणत, "नको वहिनी, बसला तो टार्गेट." आता आमच्या चारकोपच्या सेक्टरात त्यांच्यावर गोळी झाडायला कोण टपून बसलं होतं? इथे नळाला पाणी यायची मारामार.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलत फिरायचे, म्हणजे बसलेल्या आम्हा सगळ्यांभोवतीच. माना वळवून वळवून सगळे हैराण. एका लग्नात पंगतीला बसवलं तर दोन मिनिटांत उठले आणि मठ्ठ्याची बादली घेऊन वाढायला लागले. नवरीच्या बापाने त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून "जिलबी आण रे" म्हटलं, तर यांनी खुशाल आणली.

तीस वर्षं फौजेत काढून ते घरी आले होते. राणेवहिनींनी मुलगी एकटीने वाढवली, लग्न करून बडोद्याला पाठवली आणि चारकोपचं हे घरही एकटीनेच लावलं. सुभेदार वर्षातून दोन महिने रजेवर यायचे, तेवढाच त्यांचा संसार. मग झालं काय, निवृत्त होऊन आल्याला दोन महिने झाले तशा वहिनी सवयीने प्रवासाचे लाडू वळायला बसल्या आणि यांनी सवयीने ट्रंक भरली. बूट चकचकीत झाले, डबा भरला, आणि आता जायचं कुठेच नाही हे तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं. वहिनी मला हे सांगताना हसून हसून डोळे पुसत होत्या. हसून पुसत होत्या असं मला तेव्हा वाटलं.

पण सुभेदारांचे बूट घालून झाले होते ना. ते डबा घेऊन तसेच बाहेर पडले. नाक्यावरच्या कट्ट्यावर आमच्या गल्लीतली रत्नं बसलेली, त्यात बारावीत गटांगळी खाल्लेला माझा संजू. सुभेदारांनी एकेकाच्या हातावर लाडू ठेवला आणि तोंडं भरलेली असतानाच सगळ्यांना लायनीत उभं केलं. नाही म्हणायला कुणाचं तोंडच मोकळं नव्हतं.

तिथून आमची झोप गेली. रोज पहाटे शिट्टी, खाडीपर्यंत धाव, घरी आल्यावर आपापला शर्ट आपण धुवायचा. मी भांडायला गेले, पोराला न्युमोनिया झाला तर कोण बघणार म्हणून. शिवणाचं मशीन सोडून गेले होते, त्यामुळे चांगलीच तापले होते. त्यांनी अंगणात फेऱ्या मारत सगळं ऐकलं, माझं म्हणणं अगदी बरोबर असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पोराला पुन्हा नेलं.

संजूचं दुखणं वेगळंच होतं. इंटरव्ह्यूला नाव विचारलं की त्याचा आवाज घशातच अडकायचा. सुभेदारांनी त्याला खाडीच्या कडेला उभं करून स्वतःचं नाव पलीकडे ऐकू जाईल असं ओरडायला लावलं. आठवडाभर पलीकडून काही नाही. मग एक दिवस होडीतल्या कोळ्याने वैतागून विचारलं, "काय रं संजू, काय पायजे?" संजू नाचत घरी आला. पुढे तो फायर ब्रिगेडला लागला. मी त्या माणसाला शिव्या घालायचे, खोटं कशाला बोलू, पण त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि मग त्यांच्या जुन्या साहेबाचा निरोप आला. गुजरातेत कारखान्याच्या सिक्युरिटीवर मुख्य म्हणून या. राहायला खोली, वर्षाला दोन महिने रजा. त्या दिवशी सुभेदारांनी अख्खा चहा एका जागी उभं राहून संपवला. म्हटलं, हे चालले. पोरांची तोंडं तर एवढीएवढीशी झाली.

मी राणेवहिनींना गाठलं. म्हटलं, तुम्ही काही बोलत का नाही? भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मी काय बोलू गो? एवढ्या वर्षांत कधी अडवलं नाही. अडवून उपयोग नव्हता, वरचा हुकूम असायचा. आता तर त्यांनाच जायचंय."

मग सुभेदारांना गाठलं. ते म्हणाले, "वहिनी, ती एकदाही राहा म्हणाली नाही. रजेवरचा माणूस फार दिवस राहिला की घराला जड होतो."

कपाळ माझं. तीस वर्षांचा संसार, आणि एकमेकांना एवढंही विचारता येईना.

निघायची सकाळ उजाडली. चार पोरांनी ट्रंक खांद्यावर घेतली, रिक्षा दारात आली, अख्खी गल्ली गोळा झाली. राणेवहिनी हातावर दही द्यायला पुढे आल्या. सुभेदारांनी तळवा पुढे केला. दह्याचा चमचा मात्र खाली येईना.

"जाव नका," वहिनी म्हणाल्या. इतक्या हळू, की शेजारी उभी असून मला जेमतेम ऐकू आलं.

सुभेदार ताठ उभे राहिले. कुठल्याशा साहेबासमोर राहावं तसे.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

ते चेष्टा करत नव्हते. रजा वाढवून मिळाली तर ती कधीपर्यंत, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वहिनी उंबऱ्यावर बसून भर गल्लीत रडायला लागल्या, आणि सुभेदारांचा तळवा तसाच पुढे राहिला, रिकामा. मलाही रडू आवरेना.

पोरं ट्रंक खांद्यावर घेऊन हुकमाची वाट बघत उभी.

शेवटी मीच म्हटलं, "अरे मेल्यांनो, बघत काय राहिलात? ठेवा ती आत."